ओठावर उठलेला जर: पहिला दिवस औषधाचा, बाकीचे जपण्याचे

रात्री जेवताना खालच्या ओठाच्या उजव्या कडेला काहीतरी चुरचुरतं. मुंगी चालून गेल्यासारखं. आरशात पाहावं तर काही दिसत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते. सकाळी ती जागा लाल आणि टरटरलेली असते, आणि दुपारपर्यंत तिच्यावर पाणीदार फोडांचा झुबका उठतो. भिजवलेल्या बारीक साबुदाण्यासारखे, एकमेकांना चिकटलेले फोड. मला हे अकरावीत असल्यापासून होतंय. वर्षातून एकदा, कधी दोनदा, आणि दर वेळी त्याच जागी. दातांच्या डॉक्टरांकडे तासभर तोंड उघडं ठेवून आले की हमखास. म्हणून मी या विषयावर वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, आणि आता नात्यात कुणाच्याही ओठावर काही उठलं की फोन मला येतो. त्या फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवतेय.

आमच्या घरात याला ‘जर उठला’ म्हणतात. कुणी ‘ताप फुटला’ म्हणतं, कुणी ‘कोळी मुतला’. माझी आजी म्हणायची, रात्री पाल चाटून गेली. लहानपणी मी भिंतीवरच्या पालीवर नजर ठेवून झोपायचे. कोळी आणि पाल दोघांचाही यात काही संबंध नाही. ‘जर’ या शब्दात मात्र खरं निरीक्षण आहे. जर म्हणजे ज्वर. हिवताप, न्यूमोनिया, साधी सर्दी, कुठलाही ताप येऊन गेला की ओठावर हे फोड उठतात, हे जुन्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. त्यावरून ‘ताप ओठावाटे बाहेर पडला, आता बरं वाटेल’ असं मानलं गेलं, ते तेवढं खरं नाही. ताप फोडांमधून बाहेर पडत नाही. तापामुळे शरीरात आधीपासून झोपलेलं काहीतरी जागं होतं.

ते काहीतरी म्हणजे एक विषाणू. नाव हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे जगातल्या त्या वयाच्या ६४ टक्के लोकांत. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो. आईने, आत्याने, मामाने घेतलेल्या पापीतून, खाऊच्या एकाच चमच्यातून. त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही आणि आपल्याकडे हा पाहुणा आहे हे त्यांना कधी कळतही नाही.

‘हर्पीस’ हा शब्द ग्रीक आहे, त्याचा मूळ अर्थ सरपटणं. तो आणि आपला संस्कृत ‘सर्प’ एकाच मूळ धातूतून आलेले आहेत. आपणही ‘नागीण’ म्हणतोच ना, कमरेला पट्ट्यासारखी उठते ती? दोन भाषांना त्वचेवर सरकत जाणारं दुखणं पाहून सापच आठवला, याचं मला फार नवल वाटतं. पण इथे एक गल्लत टाळायला हवी. नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. दोघे एकाच कुळातले आहेत, पण नागिणीच्या गोळ्यांचा डोस आणि दिवस वेगळे असतात. शेजारणीच्या नागिणीची उरलेली गोळ्यांची पट्टी आपल्या ओठासाठी वापरू नका.

दर वेळी तीच जागा का?

पहिल्यांदा लागण झाली की हा विषाणू ओठाच्या त्वचेतून तिथल्या नसेच्या टोकात शिरतो आणि नसेच्या आतून उलटा प्रवास करत थेट कवटीच्या आतपर्यंत जातो. चेहऱ्याला संवेदना देणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिची एक गाठ कवटीच्या आत, साधारण कानाच्या पुढच्या बाजूला असते. तिथल्या पेशींत तो जाऊन बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चेहऱ्याच्या असह्य कळांसाठी या नसेवर शस्त्रक्रिया केली की नंतर रुग्णाच्या ओठाभोवती असेच फोड उठायचे. नसेच्या त्या गाठीत विषाणू खरोखर सापडला तो मात्र १९७०च्या दशकात.

एरवी आपली प्रतिकारशक्ती त्याला झोपवून ठेवते. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मोठा मानसिक ताण, ओठाला झालेली इजा, यातलं काही घडलं की पहारा ढिला पडतो. विषाणू त्याच नसेच्या त्याच फांदीतून खाली उतरतो आणि त्याच जागी उगवतो. फोड दिसण्याआधीची ती चुरचुर म्हणजे तो खाली येऊन पोचल्याची वर्दी. ती कुणाला सहा तास आधी मिळते, कुणाला एक-दोन दिवस. सगळ्या उपचाराची किल्ली या काही तासांत आहे.

औषध लवकर हवं

फोडांवर खास औषध आहे आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गर्ट्रूड एलियन या न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या रसायनशास्त्रज्ञ. पीएचडी त्यांना पूर्ण करता आली नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध विकसित केलं, आणि १९८८ साली एलियन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी विषाणूवर औषध म्हटलं की डॉक्टरच धास्तावायचे, कारण विषाणू आपल्याच पेशीत राहतो. त्याला मारायला जावं तर पेशीही मरते.

अ‍ॅसायक्लोव्हिरची युक्ती अशी. विषाणूला आपल्या प्रती काढायच्या असतात, म्हणजे एकावर एक विटा रचत भिंत बांधायची असते. हे औषध विटेसारखंच दिसतं, पण त्याच्यावर पुढची वीट बसत नाही. भिंत तिथेच अडते. आणि ही खोटी वीट ‘भाजून’ पक्की करायचं काम विषाणूचंच एक एन्झाइम करतं. निरोगी पेशीत ते एन्झाइम नसतं, म्हणून तिथे औषध जवळजवळ निपचित पडून राहतं. औषध फक्त शत्रूच्या घरात जागं होतं.

पण त्यातूनच हेही समजतं की औषध कधी लावायचं. भिंत बांधली जात असतानाच खोटी वीट उपयोगी. फोड फुटून खपली धरेपर्यंत विषाणूचं बांधकाम जवळपास उरकलेलं असतं, पुढे जे चालतं ते आपल्या शरीराचं डागडुजीचं काम. त्यामुळे चौथ्या दिवशी क्रीम आणून थापलं तर फारसा फरक पडत नाही. मी हे स्वतः कित्येक वर्षं चुकत आले. ‘बघू, उद्या येतं का’ म्हणत थांबायचं, फोड आले की मेडिकलमध्ये जायचं, आणि मग औषधाला नावं ठेवायची.

क्रीम साधारण पाच टक्क्यांचं असतं. दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस, चुरचुर सुरू झाल्याबरोबर लावायचं. अपेक्षाही माफक ठेवा. क्रीमने दुखणं सरासरी अर्ध्या दिवसाने कमी होतं. गोळ्या जास्त कामाच्या. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर अशी नावं आहेत, आणि शेवटच्या दोन्हींचा ओठासाठीचा कोर्स एका दिवसाचाच असू शकतो. तरी त्यातूनही वाचतो तो साधारण एक दिवस. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना डोस कमी करावा लागतो, आणि गरोदरपणात तर आधी विचारायलाच हवं. ज्यांना वर्षातून अनेकदा होतं, त्यांनी बरं असतानाच डॉक्टरांकडे जाऊन सांगावं, की चुरचुर सुरू झाली की लगेच घेता येईल अशी गोळी लिहून द्या. रविवारी रात्री चुरचुर सुरू झाली तर सोमवारी संध्याकाळची भेट मिळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

फोड आले. आता?

औषधाची वेळ हुकली, तरी करण्यासारखं बरंच उरतं. बहुतेकांची गाठ या भागाशीच पडते, म्हणून इथे जरा थांबते.

पहिले दोन दिवस जागा गरम, ठणकणारी असते. स्वच्छ सुती रुमालात बर्फाचा खडा गुंडाळून पाच-दहा मिनिटं टेकवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नुसता ओठावर धरू नका, त्वचा भाजल्यासारखी होते. तो रुमाल नंतर गरम पाण्यातून धुवायचा, इतरांच्या हाताला लागू द्यायचा नाही. ठणका झोप मोडत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास फोड फुटतात आणि एकमेकांत मिसळून एकच ओलसर जखम होते. हा सर्वांत वाईट दिवस. त्यातून झरणाऱ्या पाण्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. फोड सुईने फोडायचा मोह होतो, ‘पाणी निघून जाऊ दे’ म्हणून. फोडू नका. आत पू नसतो, त्यामुळे रिकामं करून काही साधत नाही. उलट जखम पसरते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून घ्या, पुसू नका.

खाण्यात दोन-तीन दिवस लिंबू, चिंच, टोमॅटोचा सार, लोणचं, ठेचा, खारट फरसाण टाळा. एवढं ताक गुणाचं, पण आंबट असेल तर तेही झोंबतं. मऊ भात, तूप, गार केलेली पेज, ताज्या दह्याचा भात, केळं, साजूक शिरा, हे सुखाने जातं. गरम चहाचा कप कडेला टेकला की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी त्या दिवसांत चहा निववून पिते.

चौथ्या-पाचव्या दिवशी खपली धरते. पिवळसर, मग तपकिरी, गुळाच्या पाकाचा थेंब वाळावा तशी. इथे लोकांची सगळ्यात मोठी चूक होते. ‘वाळू दे, हवा लागू दे’ म्हणून जागा मुद्दाम कोरडी ठेवतात. ओठ म्हणजे कोपर नव्हे. बोलताना, हसताना, जांभई देताना तो दिवसभर ताणला जातो. कोरडी खपली तडकते, रक्त येतं, पुन्हा नवी खपली, आणि हे चक्र चार दिवस वाढतं. जखम किंचित ओलसर ठेवली तर तिच्यावर नवी त्वचा लवकर चढते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं आणि आजचं जखमांच्या मलमपट्टीचं शास्त्र त्यावर उभं आहे. तेव्हा खपली मऊ ठेवा. पांढरं पेट्रोलियम जेली सर्वांत साधं आणि निर्धोक. दिवसातून चार-पाच वेळा पातळ थर द्या.

आजी तूप लावायची. देवघरातल्या निरांजनाच्या तुपातलं नाही, स्वयंपाकघरातलं ताजं, वाटीत काढलेलं, उजव्या हाताच्या करंगळीने. तुपाने विषाणू मरत नाही. पण खपली मऊ राहते, तडकत नाही, म्हणजे आजी जे करत होती ते बरोबरच होतं. आता मी फक्त दोन गोष्टी सांभाळते. तूप असो की जेली, लागेल तेवढं आधी वेगळं काढून घेते, ओठाला लागलेलं बोट पुन्हा डबीत घालत नाही. आणि लावायच्या आधी आणि नंतर हात साबणाने धुते. कापसाची काडी वापरली तर आणखी बरं.

मधाबद्दल खूप जण विचारतात. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर एक चाचणी झाली होती, २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या कानुका झुडपाच्या औषधी दर्जाच्या मधाची तुलना अ‍ॅसायक्लोव्हिर क्रीमशी केली होती. क्रीमच्या गटात त्वचा पूर्ववत व्हायला साधारण ८ दिवस लागले, मधाच्या गटात ९, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. याचा एक अर्थ मध चांगला, दुसरा अर्थ क्रीम फार मोठा चमत्कार करत नाही. दोन्ही अर्थ मला पटतात. मात्र तो मध निर्जंतुक केलेला होता. आपल्या फडताळातला मध म्हणजे तोच नव्हे. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला मध कधीच लावू नये.

जे लावू नये

चुना, लिंबाचा रस, मीठ, टूथपेस्ट, लसूण. ही सगळी ‘जाळून टाकणारी’ औषधं माझ्यावर वेगवेगळ्या नातेवाइकांनी सुचवून झाली आहेत. ती जाळतात हे खरं, पण आपली कोवळी त्वचा जाळतात. विषाणू तर नसेत खोल बसलेला असतो. चुन्याने झालेला डाग जरापेक्षा जास्त काळ राहतो. पुरुषांसाठी वेगळं सांगायला हवं: त्या दिवसांत फोडांवरून वस्तरा फिरवू नका. दाढीच्या बारीक चिरांतून फोड गालभर पसरू शकतात. सलूनमध्ये सगळ्यांना फिरवतात तो तुरटीचा खडाही चेहऱ्याला लावून घेऊ नका, तुमच्यासाठीही आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठीही.

आणि स्टेरॉइडची मलमं. चुलतभावाच्या लग्नाच्या आधी चार दिवस माझ्या ओठावर जर उठला. मी औषधाच्या दुकानात गेले, काउंटरवरच्या माणसाने ओठ पाहिला न पाहिला आणि एक ट्यूब पुढे केली. ‘खाज, गजकर्ण, पुरळ, सगळ्यावर चालतं.’ दोन दिवस लाली कमी दिसली, मी खूश. हळदीच्या दिवशी फोड नाकाखालपर्यंत गेले होते आणि ती जखम भरायला तीन आठवडे लागले. नंतर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि भारी स्टेरॉइड एकत्र होतं. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, म्हणून सूज उतरल्यासारखी वाटते, आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर ती स्वतःच्या मनाने ओठाला लावू नका.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही आपल्याकडे याच्यावर सर्रास घेतल्या जातात. त्यामागे एक गोंधळ आहे. ‘तोंड येणं’ म्हणजे तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेला येणारे पांढुरके, दुखरे व्रण. ते या विषाणूचे नाहीत, लागतही नाहीत, आणि कधीकधी त्यांच्यामागे बी-१२ किंवा लोहाची कमतरता असते. शंखजिरं, जाईचा पाला ही घरगुती औषधं त्या दुखण्याची. ओठांचे दोन्ही कोपरे चिरतात ते तिसरंच. तिथे बुरशी, सैल कवळी किंवा जीवनसत्त्वांची उणीव पाहावी लागते. जर ओळखायची खूण म्हणजे आधी चुरचुर, मग ओठाच्या बाहेरच्या कडेवर फोडांचा झुबका, बहुधा एकाच बाजूला आणि ठरलेल्या जागी.

दुसऱ्यांना जपणं

चुरचुर सुरू झाल्यापासून खपली पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत तुम्ही हा विषाणू दुसऱ्याला सहज देऊ शकता. उष्टं द्यायचं-घ्यायचं नाही, टॉवेल, लिपस्टिक, लिप बाम, पाण्याची बाटली वेगळी. भांडी नेहमीच्या साबणाने धुतली की पुरे, ताट वेगळं मांडून माणसाला वाळीत टाकायची गरज नाही.

पण नवजात बाळाच्या बाबतीत मी अजिबात सैल सोडत नाही. पहिल्या महिना-दीड महिन्यातल्या बाळाची प्रतिकारशक्ती या विषाणूपुढे फार तोकडी असते. नवजात बाळाला हर्पीस बहुतेक वेळा जन्माच्या वेळी आईकडून लागतो, पण पापीतूनही लागतो, आणि तो यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो, बाळ दगावू शकतं. बारशाला हातोहात बाळ फिरतं, प्रत्येक मावशी-काकू मुका घेते. ओठावर काही उठलं असेल तर त्या दिवशी बाळाला दुरूनच पाहा. आणि बाळाच्या आईने कुणाला ‘पापी नको’ म्हटलं तर तिला शिष्ट ठरवू नका, तिची बाजू घ्या. खुद्द आईच्या ओठावर जर उठला तरी तिने दूध पाजायचं थांबवू नये. हात धुवावेत, तोंडाला मास्क लावावा, बरं होईपर्यंत मुका घेऊ नये. स्तनावरच फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं.

जरा मोठ्या मुलांना, साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या, पहिली लागण कधीकधी जोरदार होते. सणसणून ताप, हिरड्या सुजून लाल, तोंडभर फोड, सारखी लाळ, आणि मूल पाण्याचा घोटही घेत नाही. इथे फोडांपेक्षा पाणी कमी पडण्याचा धोका मोठा. गार दूध, शहाळ्याचं पाणी, गार पेज चमच्या-चमच्याने द्यावी, आणि लघवी कमी झाली, मूल मलूल झालं तर तडक डॉक्टर. पहिल्या दोन-तीन दिवसांत नेलं तर औषधाचाही उपयोग होतो.

कुस्तीच्या तालमीत जाणाऱ्या मुलांनाही हे कळायला हवं. १९८९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात कुस्तीच्या एका शिबिरात १७५ पैकी ६० मल्लांना हाच विषाणू लागला होता, गालाला गाल आणि मानेला मान घासून. फोड असलेल्या पैलवानाने पूर्ण भरेपर्यंत लढत करू नये, वस्तादांनी करू देऊ नये. जोर-बैठका चालतील.

स्वतःच्या डोळ्यालाही जपावं लागतं. फोडाला लागलेलं बोट डोळ्याला गेलं, किंवा थुंकीने ओली केलेली कॉन्टॅक्ट लेन्स घातली, तर विषाणू बुबुळावर जखम करतो. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, असं झालं तर मेडिकलमधून थेंब आणू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

एक नाजूक गोष्टही बोलते. चिठ्ठीवर ‘हर्पीस’ वाचून घरात संशय सुरू होतो. नव्या सुनेला प्रश्न विचारले जातात, नवरा-बायकोत अबोला धरला जातो. जननेंद्रियांवरचा हर्पीस बहुधा या विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराचा असतो. ओठावरचा पहिल्या प्रकाराचा, आणि तो बहुतेकांना पाळण्यात किंवा बालवाडीत लागलेला असतो. फक्त ओठावर फोड असताना मुखमैथुन टाळावं, कारण त्यातून हाच प्रकार खालीही जाऊ शकतो. चारित्र्याचा दाखला म्हणून या फोडाकडे पाहणं हा शुद्ध अन्याय आहे आणि तो होताना दिसला तर गप्प बसू नये.

डॉक्टरांकडे केव्हा

साधा जर सात ते दहा दिवसांत आपोआप जातो. दहा दिवसांत भरायचं लक्षण नसेल, फोड चेहराभर पसरत असतील, पू आणि ताप असेल, तर दाखवा. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही असलेले, किंवा अंगभर एक्झिमा असलेलं मूल, यांनी पहिल्याच दिवशी जावं. ज्यांना वर्षातून सहा-सहा वेळा होतं, त्यांना काही महिने रोज एक लहान डोस देऊन हे रोखता येतं. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा असणाऱ्या कुणाच्याही ओठावर तीन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर तिला जर समजून तुपावर सोडू नका. तो कर्करोग नाही ना हे तपासून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून हमखास उपाय नाही. लायसिनच्या गोळ्यांची जाहिरात बरीच होते, पण चाचण्यांत त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. सनस्क्रीन असलेला लिप बाम प्रयोगशाळेतल्या कृत्रिम अतिनील प्रकाशापुढे चांगला टिकला, खऱ्या उन्हात तितका नाही. तरी माझा जर उन्हाने उठतो हे मला ठाऊक आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये बाहेर पडताना मी तो लावते आणि ओढणी ओठांवर घेते. दातांचं मोठं काम असेल तर डॉक्टरांना आधी सांगते, ते आदल्या दिवसापासून गोळी देतात.

खपली साधारण आठव्या दिवशी, तोंड धुताना किंवा टॉवेलला लागून, आपोआप सुटते. नखाने उचकटायची नाही, कितीही कडेने उचललेली दिसली तरी. खाली कोवळी, गुलाबी, जरा जास्तच चमकणारी त्वचा असते. ती पुढचे दोन-तीन आठवडे तशी दिसते, सावळ्या रंगावर थोडी काळपट पडते, आणि मग ओठाच्या रंगात मिसळून जाते. व्रण राहत नाही. त्या दिवशी मी दात घासायचा ब्रश बदलते, त्या आठवड्यात वापरलेला लिप बाम टाकून देते, आणि चहा पुन्हा गरम पिते.